गर्भावस्थेत चेहरा पुन्हा पुन्हा का बिघडतो आणि तो कसा सावरावा

तक्रार बहुधा अशी असते. गर्भधारणेच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात हनुवटीवर पुरळ उठते किंवा गालांची आग होऊ लागते. आधीची क्रीम आता चालेल की नाही, या शंकेने ती बंद होते आणि ‘गर्भवतींसाठी सुरक्षित’ असे ठळक अक्षरांत छापलेले नवे उत्पादन घरात येते. चार-आठ दिवस बरे वाटते. मग पुन्हा तीच आग, तेच पुरळ आणि भरीला नाकाच्या कडेला निघणारी सालपटे. पुन्हा नवी बाटली येते. अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या की “या दिवसांत असे व्हायचेच” असे म्हणून सगळे मोकळे होतात. मला हे उत्तर पटत नाही. माझ्या पहिल्या गर्भावस्थेत मी याच फेऱ्यात पाच महिने अडकले होते आणि धाकट्या बहिणीच्या वेळी आम्ही दोघींनी तो तीन आठवड्यांत थांबवला. मी प्रत्येक बाटली हातात घेऊन ‘ही सुरक्षित आहे ना’ एवढेच विचारत होते. बहिणीच्या वेळी आम्ही त्याआधी आणखी एक प्रश्न विचारला : ही लागते कशाला?

आधी नेमके बिघडले काय, ते ओळखावे

गर्भावस्थेत चेहरा बिघडण्याची तीन कारणे नेहमी एकमेकांत मिसळलेली असतात आणि तिन्हींचा उपाय वेगळा आहे, म्हणून घाई न करता ती सुटी करून पाहावीत.

पहिले कारण शरीरातील बदलांचे. संप्रेरके वाढल्यामुळे तैलग्रंथी जास्त तेल सोडतात, घाम वाढतो, त्वचेकडे रक्तपुरवठा वाढतो आणि रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी अधिक जाग्या होतात. यातून येणारे मुरुम प्रामुख्याने हनुवटी व जबड्याच्या कडेला येतात, खोल असतात, दुखतात आणि एकाच जागी बरेच दिवस ठाण मांडतात. मात्र नुसते पाणी लावल्याने त्यांची आग होत नाही.

दुसरे कारण आपण स्वतः ओढवून घेतलेले असते. त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या थरात पेशींच्या मधल्या फटी नैसर्गिक स्निग्ध द्रव्यांनी भरलेल्या असतात. दिवसातून चार वेळा चेहरा धुणे, खरखरीत स्क्रब, आम्लयुक्त टोनर, सुगंधी द्रव्ये आणि एकावर एक तीन-तीन सीरम यांमुळे ही भर निघून जाते. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी, म्हणजे साधारण ४.५ ते ५.५ पीएचचा असतो (पीएच हे आम्लतेचे माप; ७ च्या खाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी), तर अंगाच्या साध्या साबणाचा पीएच ९ ते १० च्या आसपास जातो. त्यामुळे तेल काढण्यासाठी साबणाने घासघासून चेहरा धुणाऱ्या स्त्रीला तेल आणि कोरडेपणा हे दोन्ही त्रास एकाच वेळी सोसावे लागतात. याची खूण अगदी स्पष्ट आहे : चेहरा धुतल्यानंतर त्वचा ताणल्यासारखी वाटते, एरवी निरुपद्रवी असणारे मॉइश्चरायझरही चुरचुरते, आणि गालांवर एकाच आकाराचे बारीक दाणे उठतात. या दाण्यांना मुरुम समजून त्यांवर मुरुमांचे औषध लावले की आगीत तेल पडते.

तिसऱ्या कारणाकडे कोणाचे लक्ष जात नाही, म्हणून त्यावर मी थोडे अधिक लिहिते. गर्भधारणेपूर्वी अनेक जणी उजळपणासाठी किंवा डागांसाठी एखादी क्रीम महिनोन् महिने वापरत असतात. डाग उजळवणारे हायड्रोक्विनोन, अ जीवनसत्त्वापासून बनलेले ट्रेटिनॉइन आणि दाह कमी करणारे स्टिरॉइड हे तिन्ही एकत्र असलेले मिश्रण १९७५ पासून डागांच्या उपचारात आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडे आठवडे वापरायचे हे औषध पुढे साधी क्रीम समजून वर्षानुवर्षे वापरले जाते. गर्भधारणा कळताच ते एकदम बंद केले की काही दिवसांत चेहरा लालबुंद होतो, पुटकुळ्या येतात आणि उन्हात गेल्याबरोबर जळजळ होते. ही स्टिरॉइड सुटल्याची प्रतिक्रिया असते, पण दोष मात्र गर्भावस्थेला दिला जातो. ज्या जागी क्रीम लावली जात होती, नेमकी तीच जागा लाल झाली असेल, त्वचा पातळ दिसत असेल आणि बारीक रक्तवाहिन्या दिसू लागल्या असतील, तर घरी प्रयोग करू नयेत. तीच क्रीम पुन्हा सुरू करूनही आराम मिळवू नये. क्रीमचे वेष्टन सोबत घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे आणि किती महिने वापरली, ते संकोच न करता सांगावे.

चौदा दिवस, दोन-तीन वस्तू

बहिणीच्या न्हाणीघरातील फळीवर अकरा बाटल्या आणि ट्यूब होत्या. आम्ही त्या सगळ्या जेवणाच्या टेबलावर मांडल्या आणि एकेकीची घटकांची यादी वाचायला बसलो. एका ट्यूबची यादी तर शेवटच्या दुमडलेल्या, दाबून बंद केलेल्या कडेखाली अर्धी गेली होती. ती कड नखाने उलगडून आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठी करून वाचावी लागली. तिथे सुगंधी द्रव्यासाठीचा ‘परफ्यूम’ हा शब्द होता आणि त्याच्या पुढे तीन सुवासिक तेलांची नावे होती. ट्यूबच्या दर्शनी बाजूला मात्र गर्भवती स्त्रीचे चित्र आणि ‘सौम्य’ हा शब्द होता.

यादी वाचण्याची रीत एकदा कळली की हे काम सोपे जाते. एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या प्रमाणात लिहिलेले असतात. एक टक्का व त्याखालचे घटक कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. त्यामुळे पहिली पाच-सहा नावे म्हणजे त्या उत्पादनाचा खरा देह असतो. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी : ‘अनसेंटेड’ आणि ‘फ्रेग्रन्स-फ्री’ हे एकच नव्हे. पहिल्यात मूळ वास झाकण्यासाठी सुगंधी द्रव्य घातलेले असू शकते. या दिवसांत वासाने मळमळते, म्हणून अनेक जणी वास नसलेले उत्पादन शोधतात आणि नेमके हेच घेऊन येतात.

यानंतरचे चौदा दिवस चेहऱ्यावर फक्त तीन गोष्टी लागतील, असे आम्ही ठरवले. रात्री एकदा सौम्य, साबणविरहित फेसवॉश आणि सकाळी नुसते पाणी. त्यानंतर त्वचा किंचित ओलसर असतानाच ग्लिसरीन, सेरामाइड (त्वचेतलेच एक स्निग्ध द्रव्य) किंवा पेट्रोलॅटम (पेट्रोलियम जेली) असलेले साधे, सुगंधविरहित मॉइश्चरायझर. दिवसा सनस्क्रीन. ज्यांची त्वचा पाण्यानेही चुरचुरत असेल, त्यांनी पहिले तीन-चार दिवस सनस्क्रीनऐवजी ओढणी, टोपी आणि सावली यांवर भागवले तरी चालते. बाकीच्या बाटल्या फेकून देण्याची गरज नाही. एका पिशवीत बांधून कपाटात वर ठेवून द्याव्यात, म्हणजे सातव्या दिवशी एखादा मुरुम आला म्हणून हात तिकडे जाणार नाही. आणि सातव्या दिवशी तो येतोच. बहिणीलाही आला होता, आणि तिला त्या पिशवीपासून दूर ठेवणे हे पंधरवड्यातले सर्वांत अवघड काम होते.

चौदा दिवसांनी चुरचुरणे आणि ताण गेलेला असेल, तर बिघाड मुख्यतः दुसऱ्या कारणाचा होता, हे उघड होते. कित्येक जणींना त्यानंतर आणखी काही लावावेच लागत नाही. मुरुम किंवा डाग शिल्लक राहिले असतील, तर त्यांच्यापुरती एक वस्तू वाढवावी, आणि तीही चाचणी घेऊन : कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावून पाहावे. एक रात्र लावून काही झाले नाही, म्हणून चेहऱ्यावर लावणे पुरेसे नाही, कारण ॲलर्जीची प्रतिक्रिया अनेकदा काही दिवसांनी उमटते. चाचणीत टिकलेली वस्तू चेहऱ्यावर सुरू केल्यावर पुढचे किमान दोन आठवडे दुसरी काहीही आणू नये. दोन वस्तू एकदम सुरू केल्या आणि चेहरा बिघडला, तर दोष कोणाचा हे कळायला मार्गच उरत नाही. माझे पाच महिने याच चुकीत गेले.

जे बाजूलाच ठेवायचे

यात सर्वांत वरचे नाव रेटिनॉइडचे, म्हणजे अ जीवनसत्त्वापासून बनलेल्या द्रव्यांचे. मुरुमांसाठी पोटात घ्यायचे आयसोट्रेटिनॉइन १९८२ साली औषध म्हणून आले आणि त्याने गर्भात गंभीर व्यंगे होतात, हे निर्विवाद सिद्ध झालेले आहे. त्वचेवर लावायच्या रेटिनॉइडची गोष्ट वेगळी आहे : त्यातले फार थोडे रक्तात जाते, तरीही युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१८ साली सगळ्या माहितीचा आढावा घेऊन, खबरदारी म्हणून गर्भावस्थेत आणि गर्भधारणेचे नियोजन करतानाही ती औषधे लावू नयेत, असा निर्णय दिला. ट्रेटिनॉइन, ॲडापालीन, टाझारोटीन ही औषधांतली नावे. रेटिनॉल, रेटिनाल, रेटिनिल पाल्मिटेट ही सौंदर्यप्रसाधनांतली. डोळ्यांखाली लावायच्या क्रीममध्ये आणि रात्रीच्या क्रीममध्ये ती हमखास सापडतात.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. गर्भधारणा कळण्याआधी काही आठवडे रेटिनॉलची क्रीम लावली गेली, म्हणून रात्र-रात्र जागणाऱ्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत. क्रीम थांबवावी, पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगावे, आणि त्यापुढे त्या अपराधी भावनेला थारा देऊ नये. पोटात आयसोट्रेटिनॉइनची गोळी गेली असेल, तर मात्र पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. केस आणि त्वचेसाठीच्या गोळ्यांकडेही एक नजर टाकावी. तयार स्वरूपातले अ जीवनसत्त्व दिवसाला १०,००० आंतरराष्ट्रीय युनिटच्या (आययू) वर जाऊ नये. गाजरातल्या बीटा-कॅरोटीनचा या भीतीशी संबंध नाही.

हायड्रोक्विनोन थांबवावे, कारण लावलेल्या औषधापैकी ३५ ते ४५ टक्के शरीरात शोषले जाते, असा अंदाज आहे. कातडीवर लावायच्या औषधाच्या मानाने हे प्रमाण फारच मोठे आहे. घटकांची यादीच नसलेल्या उजळपणाच्या क्रीममध्ये पारा असू शकतो. पारा वार (प्लॅसेंटा) ओलांडून गर्भाच्या मेंदूपर्यंत पोहोचतो. यादी नसेल, तर ती क्रीम वापरायची नाही, यावर चर्चाही नको. टेट्रासायक्लिन गटातली प्रतिजैविके आणि स्पायरोनोलॅक्टोन ही मुरुमांसाठी दिली जाणारी औषधे आधीपासून चालू असतील, तर त्यांबद्दल डॉक्टरांशी लगेच बोलावे. रासायनिक पील (आम्लाने त्वचेचा वरचा थर काढणे) आणि लेझर बाळंतपणानंतर.

गर्भावस्थेत कोणते औषध चालते हे सांगणाऱ्या जुन्या याद्यांमध्ये घटकांपुढे ए, बी, सी, डी, एक्स अशी अक्षरे दिसतात. ही अमेरिकेच्या औषध नियामकांनी १९७९ साली आणलेली श्रेणी होती आणि २०१५ पासून त्यांनी ती टप्प्याटप्प्याने मोडीत काढली, कारण ‘बी’ म्हणजे सुरक्षित आणि ‘सी’ म्हणजे धोकादायक, असा सरधोपट अर्थ लोक काढू लागले होते. आजही त्या अक्षरांच्या आधारे निर्णय घेणे योग्य नाही.

शिल्लक राहिलेले मुरुम

अझेलिक ॲसिड हा माझ्या मते या दिवसांतला सर्वांत कामाचा घटक आहे, कारण तो मुरुम आणि काळपट डाग या दोन्हींवर चालतो आणि गर्भावस्थेत स्वीकारार्ह मानला जातो. दहा टक्क्यांची क्रीम सहज मिळते. पंधरा-वीस टक्क्यांची डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. सुरुवातीला थोडी खाज किंवा टोचल्यासारखे वाटते, म्हणून पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, मॉइश्चरायझरवरून लावावे. परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात आणि बहुतेक जणी चौथ्या आठवड्यात कंटाळून सोडून देतात.

बेन्झॉइल पेरॉक्साइडही चालते. अडीच टक्क्यांचे पुरते, दहा टक्क्यांच्याने फक्त त्रास वाढतो. त्याने कापडाचा रंग उडतो. माझ्या निळ्या उशीच्या अभ्र्यावर गालाच्या आकाराचा फिकट नारिंगी डाग उमटला, तेव्हा मला हे समजले. पांढरा अभ्रा आणि पांढरा टॉवेल वापरावा. सॅलिसिलिक ॲसिडबद्दल फार गोंधळ आहे. दोन टक्क्यांपर्यंतचे, चेहऱ्यापुरते, धुऊन टाकायचे किंवा मुरुमावर टिपायचे उत्पादन चालते. मोठ्या भागावर, तीव्र पीलच्या रूपात ते नको. वरची औषधे पुरली नाहीत, तर लावण्याचे क्लिंडामायसिन हे प्रतिजैविक किंवा इतर उपाय त्वचारोगतज्ज्ञ ठरवतील. नियासिनामाइड आणि क जीवनसत्त्व यांना हरकत नाही. पण त्वचा आधीच चिडलेली असेल, तर त्यांचीही घाई नको.

वांग आणि सनस्क्रीन

कपाळ, गालांची हाडे आणि वरच्या ओठावर पसरणारा तपकिरी डाग म्हणजे वांग. गर्भावस्थेत तो पूर्ण घालवण्याच्या मागे लागण्यापेक्षा तो गडद होऊ न देणे हे साध्य होण्याजोगे उद्दिष्ट आहे, कारण प्रसूतीनंतर तो बहुतेक जणींमध्ये आपोआप काही प्रमाणात फिकट होतो.

“मी रोज सनस्क्रीन लावते, तरी डाग वाढतो आहे” ही तक्रार खरी असते आणि तिची कारणे दोन आहेत. पहिले म्हणजे मात्रा. सनस्क्रीनचा एसपीएफ, म्हणजे उन्हापासून किती संरक्षण मिळते तो आकडा, मोजताना प्रत्येक चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा थर दिलेला असतो; आपण लावतो तो बहुधा त्याच्या निम्मा किंवा त्याहून पातळ. तर्जनी आणि मधल्या बोटावर बुंध्यापासून टोकापर्यंत दोन रेघा काढाव्यात. तेवढे सनस्क्रीन चेहरा आणि मान यांसाठी लागते. पहिल्यांदा हे प्रमाण भलतेच जास्त वाटते, म्हणून अर्धे लावून ते मुरू द्यावे आणि पाच मिनिटांनी उरलेले अर्धे लावावे. बाहेर असताना दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागते.

दुसरे कारण प्रकाशाचे. वांग अतिनील किरणांप्रमाणेच डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतो, आणि हा प्रकाश खिडकीच्या काचेतून आत येतो. पारदर्शक सनस्क्रीन तो अडवत नाही. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेले, म्हणजे त्वचेच्या रंगाची छटा असलेले सनस्क्रीन घ्यावे. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड हे मूळ घटक, सोबत आयर्न ऑक्साइड आणि एसपीएफ ३० किंवा अधिक, एवढे यादीत असले की पुरे. ही खनिजे त्वचेच्या पृष्ठभागावरच राहतात आणि चिडक्या त्वचेलाही मानवतात, म्हणून गर्भावस्थेत पहिली पसंती त्यांना दिली जाते. फवारा आणि पावडर स्वरूपातली टाळावीत. ती श्वासावाटे आत जातात.

खाज : इथे क्रीम शोधत बसू नये

पोट आणि मांड्या ताणल्याने येणारी खाज मॉइश्चरायझरने शमते. ताणाच्या रेघा मात्र कोणत्याही तेलाने किंवा क्रीमने हमखास टळतात असे नाही. महागड्या बाटलीवर त्यासाठी खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. इसबासाठी डॉक्टरांनी सौम्य किंवा मध्यम स्टिरॉइड मलम दिले, तर ते घाबरून टाळण्याचे कारण नाही. सांगितलेल्या जागी, सांगितलेले दिवस लावावे. मघाशी ज्या गैरवापराबद्दल लिहिले, त्याच्याशी याची गल्लत करू नये.

परंतु पुरळ काहीही नसताना तळहात आणि तळपाय खाजू लागले, रात्री खाज एवढी वाढली की झोप लागेना, आणि हे शेवटच्या तिमाहीत घडत असेल, तर तो त्वचेचा आजार नसून यकृतातला पित्ताचा प्रवाह मंदावल्याचे लक्षण असू शकते. यात वेळेआधी प्रसूतीचा, आणि पित्ताम्ले फार वाढल्यास बाळाच्या जिवाला धोका असतो. त्याच दिवशी प्रसूतितज्ज्ञांना फोन करावा आणि रक्तातील पित्ताम्लांची व यकृताची तपासणी करावी लागेल का, हे स्वतःहून विचारावे. लघवी गडद होणे किंवा डोळे पिवळसर दिसणे या खुणा उशिरा येतात, कधी येतही नाहीत; त्यांची वाट पाहू नये. माझ्या एका नात्यातल्या वहिनीने ही खाज चार दिवस लोशन बदलून घालवण्याचा प्रयत्न केला होता. तपासणी झाली ती पाचव्या दिवशी, सासूबाईंनी हट्ट धरला म्हणून.

शेवटच्या आठवड्यांत पोटावरच्या ताणाच्या रेघांमध्ये सुरू होणारे, बेंबी मोकळी सोडणारे खाजरे पुरळ त्रासदायक असले, तरी बाळाला त्याचा अपाय नसतो. याउलट पुरळ बेंबीभोवतीच सुरू झाले आणि त्यात पाणीदार फोड आले, तर तातडीने दाखवावे.

प्रसूतीनंतर

कपाटातली ती पिशवी प्रसूतीनंतर लगेच उघडू नये. स्तनपान चालू असताना आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या आणि हायड्रोक्विनोन टाळावीत. अझेलिक ॲसिड, बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि खनिज सनस्क्रीन पूर्वीसारखी चालू ठेवता येतात. स्तनाग्रांवर आणि त्याभोवती कोणतेही औषधी मलम डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. दूध पाजताना आणि झोपवताना बाळाचा गाल जिथे टेकतो, तो गळ्याचा आणि खांद्याचा भागही मोकळा ठेवावा, आणि क्रीम लावलेले हात धुऊन मगच बाळाला उचलावे.